वळणावर घासणारी गाडी

रफीकभाई गेले त्या शुक्रवारी आर्णीच्या त्या गल्लीत लोकांच्या लक्षात आधी एवढंच आलं, की गॅरेजमध्ये एक गाडी केव्हाची उभ्या जागी चालू आहे. दुपारच्या नमाजाची वेळ झाली म्हणून शेजारच्या टायरवाल्यानं त्यांना हाक मारली. उत्तर आलं नाही. तो आत गेला तेव्हा रफीकभाई भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब केलेले, नजर गाडीकडे. मी शाळेत प्रयोगशाळेचं कपाट लावत होतो आणि फोन वाजला. टायरवाला काय बोलतोय ते मला नीट कळेना, कारण त्याच्या आवाजामागे ते इंजिन चालू होतं… धड-धड, मग एक खाडा, पुन्हा धड-धड. "मास्तर, आधी हे बंद कसं करू ते सांगा," तो म्हणाला, आणि मग रडायला लागला. मी पोचलो तोवर कोणीतरी चावी फिरवली होती. मागच्या सिलिंडरची नळी तापून निळी पडली होती. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. संध्याकाळी माती झाली. घरी आल्यावर कितीतरी वेळ मला ते इंजिन ऐकू येत राहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या आवाजाची मला भीती वाटत होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. स्मृतिलेखात माणसाचं चांगलं सांगायचं असतं, आणि रफीकभाईंचं चांगलं सांगायला मला दोन लेख पुरणार नाहीत. पण ज्या एका गोष्टीनं त्यांना शेवटची दीड-दोन वर्षं आतून पोखरलं ती टाळून बाकीचं लिहिलं, तर ते खोटं होईल. ती गोष्ट टाळण्यात मी आधीच बराच हातभार लावलेला आहे.

मी आर्णीत विज्ञान शिकवायला आलो तेव्हा माझी स्कूटर चढावर दम टाकायची. तीन ठिकाणी दाखवून झाली होती. रफीकभाईंनी तिला हात लावला नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "इले कायी झालं नाही. हवा कोंडली हाये." पाच मिनिटांत स्कूटर ठणठणीत. त्या दिवसापासून शाळा सुटली की मी गॅरेजमध्ये. ते मला मास्तर म्हणत आणि गिऱ्हाइकांसमोर माझी खेचत, की याईचं फिजिक्स शर्टाला डाग न लागू देता चालते. मीही त्यांना सोडत नसे. त्यांना वाचायला चष्मा लागायचा आणि तो ते कोणासमोर घालत नसत. पुस्तिका उलटी धरून मान डोलवत, तेव्हा मी मुद्दाम विचारायचो, काय लिहिलंय हो. गाडीसोबत आलेली पुस्तिका त्यांनी जन्मात वाचली नाही. यंत्र आपलं आपण सांगतं, ही त्यांची श्रद्धा. ती बहुतेक वेळा खरी ठरायची, हाच घात झाला.

सुमेध मेश्राम बाभुळगावचा. नागपूरला इंजिनिअर होता, तिशीतला, बोलायला मोकळा. बाप एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, आई घरी. त्यानं कोणाकडून तरी वापरलेली साडेसहाशे सीसीची क्रूझर घेतली, परदेशी बनावटीची, आणि आमच्या भागात तिला हात लावायला कोणी धजेना. कोणीतरी रफीकभाईंचं नाव सांगितलं. तो गल्लीत आला तेव्हा आम्ही दोघं चहा पीत होतो. गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. रफीकभाईंनी कप खाली ठेवला. नंतर पुष्कळदा त्यांनी मला तो क्षण सांगितला. आनंद झाला की दुसरं काही, ते त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गाडी देखणी होती यात वाद नाही. लांबलचक, बसकी, पुढचं चाक पुढे काढलेलं, सीट इतकी खाली की बसलेल्या माणसाचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट. पाय ठेवायचे फुटरेस्ट पुढे आणि रस्त्याच्या जवळ. मधोमध दोन सिलिंडर, इंग्रजी व्हीसारखे उघडलेले, एक पुढे, एक मागे. रफीकभाईंनी ती चालू केली, बराच वेळ ऐकली आणि मला विचारलं, "मास्तर, हे मधातच थांबते काहून?" मी खडूनं शटरवर आकृती काढली. दोन्ही पिस्टन एकाच खुंटीला बांधलेले आहेत आणि सिलिंडर तिरपे, म्हणून दोन ठोके लागोपाठ पडतात आणि मग मोठी पोकळी येते. बिघाड नाही, घडणच तशी. मागच्या सिलिंडरला वारा लागत नाही, कारण पुढचा आडवा येतो, म्हणून उभ्या गाडीत तो जास्त तापतो, हेही मी सांगितलं. रफीकभाई आकृतीकडे बघत राहिले. म्हणाले, हे सगळं समजलं, पन तो खाडा ऐकला की मले वाटते आता पुढचा ठोका येतच नाही.

सुमेधनं मोठ्या मनानं गाडी दोन दिवस ठेवू दिली. रफीकभाईंनी मला मागं बसवून दारव्ह्याच्या रस्त्यानं नेलं. तुरीची शेतं दोन्हीकडे, रस्ता सरळ. त्या गाडीला वेगाची घाई नव्हती. चौथ्या गिअरमध्ये अगदी हळू चालत असताना मूठ थोडी पिळली तरी ती कुरकुर न करता पुढं सरकायची. ओढ सगळी खालच्या फेऱ्यांत भरलेली. सरळ रस्त्यावर पाळण्यात बसल्यासारखं वाटे. पण वळण आलं की ती वेगळी गाडी व्हायची. लांबी आणि वजन यांमुळे वळायला उशीर लावायची, आणि थोडी कलली की खालून रस्त्यावर लोखंड घासल्याचा आवाज येई… खर्रर्र. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी रफीकभाईंचा शर्ट मागून गच्च धरला. त्यांनी लगेच गाडी उभी केली आणि हळूहळू परत आणली.

पुढच्या खेपेला सुमेध हीच तक्रार घेऊन आला. वळणावर घासते, घरचे घाबरतात, काहीतरी करा. रफीकभाई जमिनीवर आडवे झाले आणि त्यांनी खालून पाहिलं. दोन्ही फुटरेस्टच्या खाली एकेक बोल्ट लोंबत होता, बोटाएवढा, खालच्या टोकाला कशालाही न जोडलेला. तीस वर्षं आमच्याकडच्या साध्या गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला त्याचा अर्थ एकच लागला. गाडी परदेशातून लाकडी पेटीत येते, पेटीत हलू नये म्हणून आवळून बांधतात, तेव्हाचा हा बोल्ट कोणी काढायचा विसरला. मीही मान डोलवली. मी विज्ञानाचा शिक्षक, आणि मला तो तर्क बिनतोड वाटला. रफीकभाईंनी पाना लावला, दोन मिनिटांत दोन्ही बोल्ट काढले आणि सुटे बोल्ट टाकायच्या डब्यात भिरकावले. सुमेध एक चक्कर मारून आला आणि हसत म्हणाला, आता एकदम शांत झाली.

तीन आठवड्यांनी यवतमाळहून बाभुळगावला जाताना एका डाव्या वळणावर सुमेध गेला. दिवसाढवळ्या, कोरडा रस्ता, समोरून कोणी नाही.

रफीकभाई त्याच्या अंत्यविधीला बाभुळगावला गेले आणि मागच्या मागं उभे राहून परत आले. घरच्यांना ती गाडी डोळ्यांसमोर नको होती, कोणा नातेवाइकानं ती यवतमाळच्या भंगारवाल्याकडे टाकली, आणि रफीकभाई टेम्पो करून ती घेऊन आले. गल्लीत कुजबुज सुरू झाली, ही गाडी कायले आणली दारात. टायरवाल्यानं तर लिंबू-मिरची बांधली. मला असल्या गोष्टींचा राग येतो, मी ती तोडून टाकली, पण गाडीशेजारी उभं राहवत नव्हतं हे कबूल करतो.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून गाडीच्या डाव्या अंगाला बसवलं. साइड स्टँड जिथं जोडलेला असतो त्या जाड लोखंडावर रस्त्याचा ओरखडा होता, खोल, चकाकणारा. मग त्यांनी तळहात उघडला. सुट्या बोल्टांचा अख्खा डबा उपसून त्यांनी ते दोन बोल्ट शोधून काढले होते. दोघांचीही टोकं तिरपी झिजलेली होती, पेन्सिल एका बाजूनं घासावी तशी.

"मास्तर, हे चुकून नव्हते घासून राह्यले," ते म्हणाले. "हे घासासाठीच होते."

मी घरी जाऊन वाचलं, आणि तसंच होतं. बसकी गाडी जास्त कलली की आधी हा बोल्ट रस्त्याला लागतो, आवाज करतो, चालवणारा सावरतो. तो नसला तर फुटरेस्ट टेकतो, पण तो बिजागरीचा, मुकाट्यानं वर दुमडतो. आणि मग टेकतं ते न दुमडणारं लोखंड. ते टेकलं की मागचं चाक रस्त्यावरून उचललं जातं आणि मग चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. मी हे त्यांना दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं. आजही कळत नाही, एवढं स्पष्ट कशाला सांगितलं मी.

ते म्हणाले, आपण बाभुळगावला जाऊ. बापाच्या समोर बसून मी सांगतो, तुम्ही नुसते सोबत राहा. मी नाही म्हणालो. उघड नाही म्हणालो नाही, शहाण्या माणसांना तसं करावं लागत नाही. मी म्हणालो, रस्त्यावर वाळू असेल, वेग असेल, काहीच सिद्ध होत नाही. म्हणालो, त्या माणसाचं दुःख आता कुठं खाली बसत असेल, ते कशाला ढवळायचं. पोलीस, लोक, धर्म, सगळं मी त्यांच्यापुढं मांडलं. खरं कारण एवढंच होतं, की त्या घरात शिरून त्या माणसाच्या तोंडाकडं बघायची माझ्यात धमक नव्हती. "मी चुप राह्यलो तं तो आवाज मी दुसऱ्यांदा बंद केला," ते म्हणाले. मी विषय बदलला.

आणि मग तो माणूस दिसायला लागला.

गॅरेजसमोर रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे. एका मंगळवारी तिथं एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. पांढरा शर्ट, खाकी पिशवी. चहा घेतला नाही, बसला नाही. गॅरेजमधल्या त्या मोडक्या गाडीकडे तासभर बघून निघून गेला. रफीकभाईंनी मान वर केली नाही. सुमेधचा बाप, ते म्हणाले. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. मग पुन्हा. एकदा मी त्याच्या मागं बसस्टँडपर्यंत गेलो. तो यवतमाळच्या गाडीत चढला. म्हणजे बाभुळगावहून यवतमाळ, यवतमाळहून आर्णी, एवढं बदलत यायचं, रस्त्यापलीकडे उभं राहायचं आणि तसंच परत जायचं. त्याला सगळं कळलंय, तो आपल्याला नुसता बघून जातो, असं रफीकभाईंच्या मनानं घेतलं. तो आलेला नसे त्या दिवशीही ते टपरीकडे बघत. जेवण तुटलं. नवी कामं घेणं कमी केलं. त्यांच्या बायकोनं, शाहीनभाभींनी, मला विचारलं, भाईजान, यांना काय झालंय. मी म्हणालो, वय झालं.

फक्त त्या गाडीचं काम चाललं होतं. चौकट सरळ करून आणली, पुढचं चाक धरणारा काटा कुठून तरी मिळवला, टाकीचा खळगा ठोकून काढला. रंग दिला नाही. ज्याची आहे त्याच्या दारात ती स्वतःच्या चाकांवर नेऊन उभी करायची आणि मग बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि ते दोन झिजलेले बोल्ट त्यांनी जागच्या जागी परत बसवले. गाडी पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी मी तिथं होतो. तेच ते इंजिन, तोच खाडा. रफीकभाईंनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, पण डोळे मिटले नाहीत, टपरीकडेच बघत राहिले.

आमची शेवटची भेट त्यानंतर आठवड्यानं. ते म्हणाले, "आता तं गाडी झाली, मास्तर. आता चला." मी म्हणालो, दिवाळी होऊन जाऊ द्या. त्यांच्या घरी पोराविना दिवाळी, अशा वेळी कसं जायचं… वाक्य चांगलं जुळलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. इतक्या वर्षांत माझी अशी वाक्यं त्यांना पाठ झाली असणार. "बरं," म्हणाले, आणि कपड्यानं हात पुसत आत गेले. दिवाळीला बारा दिवस असताना ते गेले.

मागच्या मंगळवारी शाळेतून येताना पाहिलं, तर तो माणूस टपरीपाशी उभा. समोर गॅरेजचं शटर बंद. त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. बाभुळगावपर्यंत जायला मला दीड वर्षात वेळ झाला नव्हता, आणि आता मधे वीस पावलांचा रस्ता होता. पळून जावंसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. मी रस्ता ओलांडला. नमस्कार केला, रफीकभाई गेले म्हणून सांगितलं. मेश्राम खाली दगडावर बसले. मी शेजारी बसलो आणि थांबलो तर पुन्हा बोलणार नाही हे ठाऊक असल्यामुळं एका दमात सगळं सांगून टाकलं. बोल्ट, डबा, ओरखडा, आणि रफीकभाई यायला निघाले होते, मी येऊ दिलं नाही, हेसुद्धा. मला वाटलं ते माझी गचांडी धरतील. धरली असती तर बरं झालं असतं.

ते पिशवीचे बंद पिळत राहिले.

"मीच पाठवलं होतं त्याले," ते म्हणाले. "त्याची आई मागं बसे, तं वळनावर आवाज आला का दचके. मी म्हनलं, जाय, ते घासनं बंद करून आन. तो म्हने बाबा, राहू द्या, कायी होत नाही. मी दोनदा म्हनलं."

त्यांनी समोरच्या बंद शटरकडे पाहिलं.

"रफीकभाईले विचाराले येत होतो, का ते घासनं बंद केल्यानंच झालं का. इथपरेंत आलो का पाय उचले नाही. तो हो म्हनला असता तं घरी जाऊन तिले काय सांगू?"

रस्त्याच्या अलीकडे हा आणि पलीकडे तो, दोघं एकाच उत्तराला भीत होते. मधे मी होतो, दोघांशीही बोलू शकणारा एकुलता एक माणूस, आणि मी दिवाळी होऊन जायची वाट बघत होतो. रफीकभाई गेले ते आपल्यावर आरोप आहे असं समजून गेले. हे आता कशानंही दुरुस्त होत नाही.

त्यांनी गाडी बघायची म्हटलं. मी भाभींकडून किल्ली आणली. आत ऑइलचा वास कोंडला होता, पाने भिंतीवर आकारानुसार लावलेले, रफीकभाई ठेवत तसेच. गाडी मधोमध उभी. मेश्राम तिच्याजवळ गेले, कंडक्टरकीनं वाकलेली पाठ आणखी वाकवून खाली बसले आणि फुटरेस्टच्या खाली हात घातला. बोल्ट त्यांच्या बोटांना लागला. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"एवढासाच होता?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"तुमी शायन्स शिकवता, सर. हा असता तं वाचला असता का तो? खरं सांगा."

रफीकभाईंना मी जे ऐकवत आलो ते सगळं माझ्या जिभेवर आलं, वाळू, वेग, सिद्ध होत नाही. मी ते गिळलं. म्हणालो, बोल्ट असता तर आधी आवाज झाला असता, हे नक्की. तो त्याला वेळेवर ऐकू आला असता की नाही, हे मात्र कोणीच सांगू शकणार नाही.

मेश्राम बोल्टावरचं बोट न काढता माझ्याकडे वळले.

"आला असता," ते म्हणाले. "घरात कायी खुट्ट झालं, का सगळ्याईच्या आंधी तोच उठे."